पडीक म्हणायचं नाही

चैत्रातले उतरते ऊन कचेरीच्या खिडकीतून आत येई तेव्हा ताई दोन भिंगांच्या यंत्रावर वाकलेली असे, आणि भिंगांखालच्या करड्या छायाचित्रांतून कल्याण-डोंबिवलीची भूमी आपल्या टेकड्या-खाचरांसह उठून उभी राही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांचे नगर वसत होते. शहर आणखी कुठे पसरू शकेल हे ठरवण्यासाठी विमानातून छायाचित्रे घेतली गेली होती. ती वाचून शेत, खाजण, वस्ती नकाशावर रंगवण्याचे काम ठाण्याच्या त्या कचेरीत माझ्या थोरल्या बहिणीकडे होते. तिची मान उपजतच ताठ. वडील म्हणत, "हिला वाकवायला भिंगच हवं."

मानपाड्याकडच्या एका पट्ट्यावर साहेबांनी बोट ठेवले.

"इथे पडीक लिहा. हिरवं काहीच दिसत नाही."

"छायाचित्र उन्हाळ्यातलं आहे, साहेब. भात आत्ता कुठून दिसणार? पण बांध बघा ना, किती स्पष्ट आहेत."

"पडीक लिहिलं की वसाहतीला जागा मोकळी होते. सही करा."

"खोट्याखाली माझी सही नाही मिळायची."

दुसऱ्या दिवशी तिचे यंत्र दुसऱ्याच्या टेबलावर गेले आणि तो पट्टा 'पडीक' होऊन नकाशावर पिवळा झाला. घरी ती रडली नाही. संतापाने नुसती धगधगत राहिली. रविवारी मला म्हणाली, "चल, पायांनी बघून येऊ."

डोंबिवलीला उतरून आम्ही बांधाबांधाने चालत गेलो. भेगाळलेल्या खाचरात भाताच्या रोपांसाठी राब भाजणारी एक आगरी म्हातारी जळत्या पाल्याच्या धुरात उभी होती. ताईने नकाशाचे सांगताच ती कमरेवर हात ठेवून गरजली, "पडीक कुनी सांगला गो? पावसान ये, चिखलान उभी र्‍हा, मंग सांग!"

"मला नका सांगू, आजी. कल्याणला या नकाशावर सुनावणी आहे, तिथे सगळे येऊन हेच बोला. मीही येते."

"आन् तुजी नोकरी?"

"जाऊ दे गेली तर."

सुनावणीला ताई कचेरीच्या बाजूला बसली नाही. गावकऱ्यांत, त्या म्हातारीच्या शेजारी उभी राहिली. साहेबांचा चेहरा लाल झाला. वैशाखाच्या काहिलीत तिचा आवाज मात्र विहिरीच्या पाण्यासारखा थंड आणि खोल होता. "छायाचित्र मी वाचलं आहे. ही भातशेती आहे. पडीक लिहायला मी नकार दिला, आणि आजही देते."

ऐन आषाढात फेरपाहणी झाली. पाहणारे घोट्यापर्यंत रुतले, आणि नकाशावर 'भातशेती' लिहावे लागले. ताईची नोकरी मात्र गेली. पुढे ती घरीच मुलींना भूमिती शिकवू लागली, आणि कचेरीतले कुणी रस्त्यात दिसले तर वाट न बदलता त्यांच्या समोरूनच चालत जाई.

काही वर्षांनी त्या खाचरांवर वस्ती आलीच. पण ती आली शेतकऱ्यांना विचारून. ओसाड माळ सापडल्यासारखी नव्हे.

आता ताई नाही, ती म्हातारी नाही, भातही नाही. काळ सारे नेतो, हे मला मान्य आहे. पण जे होते ते नव्हतेच, असे त्याने म्हणावे आणि मी मान डोलवावी, हे माझ्याने होणार नाही.