नाल्यातल्या घुबडाचा पत्ता

घरात ओली बाळंतीण असली की घराच्या दाराला दम म्हणून मिळत नाही. अमरावतीच्या रुक्मिणीनगरात वकील वसंतरावांच्या घरी त्या जानेवारीत हेच चाललं होतं. त्यांची मुलगी अश्लेषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी झाली, आणि बातमी फुटल्यापासून नातलग, शेजारी, कोर्टातले पक्षकार, जो तो डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर. डबा दारात द्यायला कोणाची ना नव्हती. पण प्रत्येकाला आत जायचं होतं, बाळाच्या तोंडावरचं दुपटं सारायचं होतं आणि मोबाइल काढून फोटो घ्यायचा होता. बाळ दचकून रडे, अश्लेषाचं पाजणं अर्धवट राही.

शेवटी वसंतराव स्वतःच दारात खुर्ची टाकून बसले. त्यांच्या पत्नीची, रमाबाईंची मावसबहीण शकुन आली, तर तिलाही त्यांनी तिथूनच परतवलं.

"शकुनताई, बारशाला या. तोवर आत कोणी जायचं नाही, फोटो तर नाहीच नाही."

"आता माझी नजर लागते का हो भाऊजी?"

"नजर नाही लागत कोणाची. पण पोरीला झोप नाही लागून राहिली."

शकुनताई फणकाऱ्याने निघून गेल्या. रमाबाईंना वाईट वाटलं, पण वसंतराव हलले नाहीत. माणूस तत्त्वाचा होता. फक्त ते तत्त्व घराच्या उंबरठ्याबाहेर पडत नव्हतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

वसंतरावांचे हिवाळ्यातले रविवार तळ्यांवर जात. थंडी पडली की आपल्या वऱ्हाडातल्या तलावांवर लांबलांबून पाहुणे पक्षी उतरतात. थापट्या, तलवार बदकं, चक्रवाकाच्या केशरी जोड्या. अमरावती-अकोल्याच्या हौशी लोकांनी त्यासाठी मोबाइलवर एक ग्रुप केला होता. त्यात सकाळी कोणी काय पाहिलं त्याचे फोटो पडत. चांगला ग्रुप होता, चांगली माणसं होती. पण एक खोड होती. कोणी दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकला आणि जागा सांगितली नाही, की लगेच टोमणे सुरू. "फोटो मागच्या सालचा दिसते." "प्राणिसंग्रहालयातला तर नाही ना?" जागेचा नकाशा टाकला तरच नोंद खरी. यात अकोल्याचे ओमप्रकाशजी कायम पुढे. कापडाचं दुकान नोकरावर टाकून ते पहाटे बाहेर पडत आणि वसंतराव चहा घेईपर्यंत त्यांचा पक्षी नकाशासकट हजर असे. कोर्टात कोणाकडून न हरणारे वसंतराव इथे मात्र रोज हरत होते.

पण त्या रविवारी नशीब फळफळलं. वलगावच्या पुढे बोरनाळ्याच्या तळ्यावर बदकं पाहून ते पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, मागच्या नाल्यात उतरले. पलीकडच्या मातीच्या उभ्या काठात एक खोबण होती, आणि तिच्यात शृंगी घुबडाची मादी बसलेली! कानांसारखे पिसांचे तुरे, नारिंगी डोळे. ती जराशी सरकली तेव्हा पोटाखाली तीन पांढरी अंडी दिसली. वसंतरावांनी भराभर फोटो घेतले आणि नाल्यातून वर यायच्या आधीच ग्रुपवर टाकले. सोबत नकाशा.

दिवसभर फोनला उसंत नव्हती. ओमप्रकाशजींनी लिहिलं, "वकीलसाब, मान गए." तो संदेश वसंतरावांनी रमाबाईंना दोनदा वाचून दाखवला. येत्या पक्षी महोत्सवातल्या प्रदर्शनात हाच फोटो लावायचं रात्री जेवतानाच ठरलं.

दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती. झेंडावंदन करून ते घरी आले, तोच नाल्याकाठच्या शेताचे मालक नत्थुजी यांचा फोन. तळ्यावरच्या येण्याजाण्यात दोघांची ओळख झालेली.

"वकीलसायेब, हे काय लावलं तुमी? माह्या शेताच्या धुऱ्यावर गाड्याच गाड्या लागल्या. हरभरा तुडवून राहिले लोक. काहून आले म्हनलं तं म्हनतात, वकीलसायबानं पत्ता देल्ला."

"अहो नत्थुजी, पक्षी पाहायला आले असतील. हरभऱ्याचं मी बोलतो त्यांच्याशी. पण तुमच्या शेताचं नाव होऊन राहिलं, हे पण बघा ना."

"नाव घिऊन काय करू मी? तुमी या बरं इकडं."

फोन ठेवताना वसंतरावांच्या चेहऱ्यावर चिंतेपेक्षा कौतुकच जास्त होतं. आतल्या खोलीतून अश्लेषाने हाक मारली. डोक्याला रुमाल बांधलेला, मांडीवर बाळ पेंगुळलेलं. ती हळू आवाजात बोलत होती.

"बाबा, ते घुबड अंड्यांवर बसलं होतं ना?"

"हो. तीन अंडी. फार नशिबानं दिसते असं."

"आणि तुम्ही सगळ्यांना बोलावलं?"

"बोलावलं काय, फक्त जागा सांगितली. पाहतील आणि जातील. कोणी हात थोडीच लावणार आहे?"

"शकुनमावशी पण हात नव्हती लावणार. तिला का परत पाठवलं मग?"

अश्लेषा पुढे म्हणाली, "बाबा, माझ्या दाराशी तुम्ही बसले. आई आहे, डॉक्टर आहेत, दुलई आहे. तरी कोणी नुसतं डोकावलं की माझ्या छातीत धस्स होते. तिला तर दारच नाही. तिला एकच गोष्ट करता येते, उडून जायचं. ती उडाली की अंडी गार पडतील. तुम्हाला पक्षी आवडतात हे मला माहीत आहे. पण आवडणं तुमचं आणि त्रास तिचा, असं कसं चालेल?"

वसंतराव स्कूटर काढून नाल्याकडे निघाले.

नाल्यात जत्रा होती. कोणी पोरंबाळं घेऊन आलेलं, कोणी कॅमेऱ्याची तिपाई रोवून बसलेलं. एकजण ढेकळं भिरकावत होता. "उडताना फोटो पाहिजे," असं तो हसत सांगत होता. खोबण रिकामी होती. मादी दूर बाभळीवर भर उन्हात अंग चोरून बसली होती आणि चार कावळे तिला टोचे मारत होते. रात्रीचा राजा म्हणतात ज्याला, तो पक्षी दिवसा असा भिकाऱ्यासारखा! वसंतरावांनी दुर्बीण खोबणीकडे वळवली. दोन अंडी. तिसऱ्याच्या जागी कवच फुटलेलं आणि मातीवर ओला पिवळा डाग.

काल याच तीन अंड्यांवर त्यांनी ग्रुपभर मिरवून घेतलं होतं. कावळ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. कावळ्याला वाट कोणी मोकळी करून दिली, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"मंडळी, सगळे वर चला," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

ओमप्रकाशजी पुढे आले. "वकीलसाब, आमी अकोल्याहून आलो, पहाटे निघून. तुमीच तं बलावलं."

"मीच बोलावलं. चूक माझीच आहे, ओमप्रकाशजी. एक अंडं गेलं, तेही माझ्यामुळे. उरलेल्या दोघांसाठी हात जोडतो, चला."

ढेकळं मारणाऱ्याने हात खाली घेतला. नाल्यातल्या पाण्याजवळची पोरं आयांनी उचलली. ओमप्रकाशजी खोबणीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला.

"जाऊ. पन ते वापस बसली का नाई, तेवढं पाहून जाऊ ना? झाडामागून. मले बी चैन नाई पडनार."

वसंतरावांच्या मनातही तेच होतं. ती परतली हे एकदा दिसलं असतं, तर मनावरचा धोंडा उतरला असता. पण ती बाभळीवरून त्यांच्याकडेच टक लावून होती. नाल्यात एक जरी माणूस उरला तरी ती परत येणार नव्हती. त्यांना पाहायचं असेल तर ती यायची नाही, आणि ती यायला हवी असेल तर त्यांना पाहता यायचं नाही.

"नाही," वसंतराव म्हणाले. "न पाहताच जायचं. आपली शिक्षा म्हणा हवं तर."

सगळे वर आले. वसंतराव शेवटी. मागे वळून बघावं असं त्यांना पावलोपावली वाटत होतं, तरी ते वळले नाहीत. तुडवलेल्या हरभऱ्याबद्दल त्यांनी नत्थुजींची माफी मागितली आणि म्हणाले, "तुम्ही पण तिकडे जाऊ नका, आणि मला काही कळवू नका."

"मी कायले जाऊ?" नत्थुजी म्हणाले. "तुमी तुमच्या लोकायले आवरा म्हंजे झालं."

धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच उभं राहून वसंतरावांनी ग्रुपवरचा फोटो आणि नकाशा काढून टाकला. पण तो किती फोनांत गेला होता, कोण जाणे. म्हणून पुढचे काही आठवडे सुट्टीच्या सकाळी वसंतराव आणि ओमप्रकाशजी पाळीकडे पाठ करून वरच्या रस्त्यावर उभे राहत आणि येणाऱ्यांना समजावून परत पाठवत. कोणी ऐके, कोणी वाद घाली. ग्रुपमध्ये दोघांनी मिळून ठराव मांडला. घरट्याचा फोटो नाही, घरट्याची जागा नाही, आणि जागा न सांगणाऱ्याला कोणी खोटं म्हणायचं नाही. पहिल्यांदा कुरबुर झाली, मग तो नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडला.

महोत्सवात वसंतरावांनी फोटो दिला नाही. होळीच्या सुमारास कोर्टातल्या बार रूममध्ये ग्रुपमधल्या एका तरुण वकिलाने विचारलं, "सर, ती दोन अंडी फुटली का? पिल्लं निघाली?"

"माहीत नाही," वसंतराव म्हणाले.

"पाहिलं नाही तुम्ही?"

"नाही. फार वाटते पाहावं. पण नाही पाहिलं."

वाचकहो, आपल्या तळ्यांवर येणाऱ्या पाखरांवर आपण सगळेच प्रेम करतो. ते प्रेम फोटोत दाखवणं सोपं आहे. पण अंड्यांवर बसलेल्या आईला आपल्या कौतुकाची गरज नसते, आपण तिथून निघून जाण्याची असते. म्हणून नाल्यात, झुडपात, गवतात असं काही दिसलं, तर डोळे भरून एकदा पाहा, कोणाला सांगू नका, आणि पुढे काय झालं हे न कळताच घरी या.