यंदा नवनाथचं काय करायचं

पद्मजाबाईंनी फोन स्पीकरवर टाकला, पेनाचं टोपण काढलं आणि वर्गात घ्यायच्या तसं नाव घेतलं.

“नवनाथ.”

“हजर, मॅडम.”

स्टाफरूममध्ये दोघीतिघी हसल्या. कॉलेज सोडून वर्षं लोटली तरी हा मुलगा फोनवर हजेरी देतो, याचं सगळ्यांनाच कौतुक होतं. पद्मजाबाईंना जरा जास्त.

घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांचा पाठपुरावा मोशीच्या त्या कॉलेजात त्यांच्याकडे होता. पदवीनंतर दरवर्षी एकेकाला फोन लावायचा, काय चाललंय विचारायचं आणि तक्ता भरायचा. तक्ते भरता भरता माणसं कळतात. कोण पगार फुगवून सांगतो, कोण नोकरी गेल्यावर ‘चेंज बघतोय’ म्हणतो, हे त्या नुसत्या खाकरण्यावरून ओळखत. शेखर टेम्पो चालवायचा आणि स्वतःला लॉजिस्टिक्समध्ये म्हणवायचा. विजयश्रीचा फोन सासू उचलायची आणि ‘तिचं छान चाललंय’ म्हणून ठेवून द्यायची. नवनाथचं मात्र सगळं शिडीसारखं होतं. आधी चाकणला ट्रेनी, मग क्वालिटीत, मग लग्न, मग लाइनवर सुपरवायझर. आवाज तेवढा बसलेला. तो कंपनीतल्या धुळीनं बसला असणार, हे त्यांनीच त्याच्या वतीनं ठरवून टाकलं होतं. चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतं?

यंदा त्याला मुलगी झाली होती. पद्मजाबाईंनी अभिनंदन केलं आणि लगोलग मुद्द्यावर आल्या. नव्या मुलांच्या स्वागताला त्यानं येऊन चार शब्द बोलावेत. प्राचार्यांना त्या आधीच सांगून बसल्या होत्या.

 पलीकडून बसलेल्या आवाजात उत्तर आलं, की शिफ्ट सुटत नाही.

मुलं ऐकेनाशी झाली की आईला गाठायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. रविवारी दुपारी त्या दापोडीला गेल्या. प्रवेश अर्जावरचा पत्ता रेल्वे रुळांना लागून असलेल्या गल्लीतला निघाला. बाळासाठी घेतलेलं झबलं पिशवीत होतं.

दार कौशल्याबाईंनी उघडलं. नवनाथची आई, लातूरकडून आलेल्या, जेवणाचे डबे करून देणाऱ्या. पद्मजाबाईंनी “नवनाथचं घर हेच ना?” एवढंच विचारलं.

“कॉलेजच्या मॅडम न्हवं? आवाजावरूनच वळखलं. या की.”

आपला आवाज ह्या बाईनं कुठे ऐकला, असं पद्मजाबाईंच्या मनात आलं. तोवर त्या आत आल्या होत्या. फ्रिजवर नवनाथचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता. खाली तारीख होती. ती त्याच्या पदवीच्या शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसाची.

कौशल्याबाईंनी पद्मजाबाईंच्या पिशवीतलं झबलं बाहेर काढलं, मांडीवर पसरलं, हातानं मापलं.

“थोडं मोठं व्हईल,” त्या म्हणाल्या. “पण लेकरं काय, वाढतेतच.”

पद्मजाबाईंनी पर्समधून फोन काढला आणि नवनाथचा नंबर लावला. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. तेवढ्यात बाहेरून लोकल गेली. तिचा भोंगा खिडकीतून आला आणि फोनमधूनही आला.

“नवनाथ,” त्या म्हणाल्या.

“हजर, मॅडम.”

कौशल्याबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या. जाता जाता दारातून गल्लीत बघून म्हणाल्या, “समर्था, ये आत. मॅडम हितंच बसल्यात.”

समर्थ आला. कानाशी धरलेला फोन त्यानं खाली घेतला, पण चप्पल काढायचं विसरला. तो ह्याच गल्लीतला; वर्गात नवनाथच्या शेजारी बसायचा आणि नवनाथ डबे पोचवायला गेला, की त्याची हजेरी द्यायचा. पद्मजाबाईंना ते तेव्हाही माहीत होतं. कानाडोळा केला होता.

मग त्यानं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. चाकणच्या चौकात कंटेनरनं मोटरसायकल उडवली होती. निकाल नंतर लागला, नवनाथ पास झाला. गुणपत्रक समर्थनंच नवनाथची सही ठोकून आणलं; सवयच होती. काकूंनी सिम बंद करायला त्याच्याकडे दिलं, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मॅडमनी नाव घेतलं आणि तोंडातून ‘हजर’ निघून गेलं. नोकरी लागली का रे, असं मॅडमनी विचारलं तेव्हा त्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली.

तेव्हापासून मॅडमचा फोन यायचे दिवस आले, की तो इथे येऊन विचारायचा, काकू, यंदा नवनाथचं काय करायचं?

“मुलगी मीच म्हणले,” कौशल्याबाई कप ठेवत म्हणाल्या. “समर्थ मुलगा म्हणत होता. आन् घर पुढच्या साली. एकदम सगळं दिलं तर खरं वाटत न्हाई.”

पद्मजाबाईंनी कप उचलला, तसाच ठेवला. मयताचं नाव तक्त्यातून कमी करायचं, असा नियम होता. तो त्यांनीच लिहिला होता.

“त्याचं नाव काढू नका, मॅडम,” कौशल्याबाई म्हणाल्या. त्या विनवत नव्हत्या. भाजीवाल्याला सांगावं तसं सांगत होत्या. “तेवढ्या एकाच जागी मोठं व्हायलंय लेकरू.”

समर्थ म्हणाला, की त्याची बदली गुजरातच्या प्लांटला झाली आहे, इथून पुढे त्याला जमायचं नाही. त्यानं फोन टीपॉयवर ठेवला. चहा गार होईतो तिघंही त्या फोनकडे बघत बसले.

प्राचार्यांना पद्मजाबाईंनी सांगितलं, की नवनाथची शिफ्ट सुटत नाही.

पुढच्या वर्षी पाठपुरावा सुखदाकडे गेला. नवी होती, हौशी होती. पद्मजाबाईंनी तिला पद्धत शिकवली: आधी नाव घ्यायचं, मग गप्प बसायचं. सुखदानं स्पीकर लावला, यादीवर बोट सरकवत नेलं. बोट मधल्या नावांशी आलं तेव्हा पद्मजाबाई पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन उठल्या आणि जिन्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. पर्समध्ये दापोडीहून आणलेला फोन थरथरला.

“नवनाथ?” सुखदाचा आवाज भिंतीतून आला आणि कानातही आला.

पद्मजाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

“ते शिफ्टला गेलेत. मी मिसेस बोलते.”

“हो का, वहिनी! यंदा काही विशेष?”

“घर घेतलं. पिंपळे गुरवला.” हे ठरलेलं होतं.

“अरे वा. आणि मुलगी कशी आहे? यादीत दिसतेय इथे.”

याबद्दल कौशल्याबाईंशी काही बोलणं झालं नव्हतं. पद्मजाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. मोकळा झालेला हात आपोआप खांद्याशी गेला आणि थोपटू लागला.

“जरा हळू बोला,” त्या म्हणाल्या. “आत्ताच झोपलीय.”