गाणं मध्येच थांबलं तेव्हा

मी एक जुनी पेटी आहे, सुरांची. एका कारागिराने माझी एकेक पितळी पट्टी घासून, कानाशी धरून मला घडवलं आणि मी एका शाळेच्या प्रार्थनागृहात आले. मित्रांनो, रोज सकाळी देवाचं नाव घेणारे शंभर कोवळे गळे ऐकायचे, याहून मोठं भाग्य कुठलं? पाहुणे म्हणत, "पेटी गोड आहे हो." मी मनातून सुखावत असे.

माझ्या उजव्या हाताला एक मुलगी उभी राहायची. आवाज जाड, पण सुरात पक्का. मुलांनी तिचं नाव ठेवलं, भोंगा.

"ए भोंगा, जरा दमानं. छप्पर उडेल."

मग त्यांनी एक खेळ काढला. पुढच्या रांगेतली उंच मुलगी वेणी मागे टाकायची, की सगळे ओळीच्या मधेच गप्प. भल्या मोठ्या खोलीत हिचा एकटीचा आवाज उरायचा आणि हशा पिकायचा. गाण्याच्या बाई म्हणायच्या, "मस्करी गं ती. मनावर नको घेऊस."

तिने मनावर घेतलं. आधी ती हळू गाऊ लागली, मग नुसते ओठ हलवू लागली. तिचा श्वास मला ऐकू यायचा, सूर नाही. पुढे ती येईनाशी झाली. एका सकाळी मुख्याध्यापकांनी जड आवाजात सांगितलं, की तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या दिवशी मला कुणी उघडलं नाही.

काही दिवसांनी तिची आई आली. मुलं खाली मान घालून उभी होती.

बाई म्हणाल्या, "ताई, अशा गोष्टीला एकच कारण नसतं."

"नसेल," आई म्हणाली. "पण या खोलीतलं कारण मला कळू द्या. बाकीची मी घरी शोधतेच आहे."

मग उंच मुलगी पुढे आली. "काकू, खूण मी करायचे."

"मी थांबायचो," मागून कुणी म्हणालं. "मी पण." "मी नुसता हसायचो, काकू."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आणि मी ऐकत होते."

आईने कुणाला शाप दिला नाही, माफही केलं नाही. म्हणाली, "ती विचारायची, आई, माझा आवाज वाईट आहे का गं? मी म्हणायचे, नाही गं. माझं एकटीचं तिला खरं वाटेना." आणि ती निघून गेली.

मित्रांनो, देव दयाळू आहे, तो क्षमा करीलही. पण त्याच्यापुढे हात जोडण्याआधी, ज्याला दुखावलं त्याच्यापुढे उभं राहायचं असतं. आणि तेही, तो माणूस हयात असतानाच. तुमच्यापैकी कुणाचं मन कुणी दुखवत असेल, तर घरच्या मोठ्यांना सांगा. त्यांनी हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्या कुणाला सांगा. आणि वर्गात कुणी एकटं पडलं असेल, तर उद्याची वाट पाहू नका. आज त्याच्या शेजारी जाऊन बसा.