सोनेरी पट्टीखालच्या दोन ओळी

चोपन्न पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावर जायचं, तर शिवणबाईंना वाटेत तीन कामं निघत. पहिल्या वळणावर चपलेचा पट्टा सुटे. दुसऱ्या वळणावर शेजाऱ्यांचा विजेचा मीटर किती पळतो ते पाहावं लागे. आणि स्वतःच्या दारापाशी किल्ली सापडत नसे. ती मुठीतच असे. सपाट रस्त्यावर तो पट्टा वर्षभरात एकदाही सुटला नव्हता. पण हे कळायला कोणीतरी त्यांच्याबरोबर जिना चढायला हवा होता.

त्या दिवशी हातात दुरुस्तीला आलेले चार कोट होते. दार सासूबाईंनी उघडलं.

"कोट आणायला गेली होतीस की विणायला?"

"दम लागतो, आई. पायही सुजलेत."

"दम मलाही लागतो. आणि तुझं आजारपण झालं ना एकदा?"

सासूबाई वाईट नव्हत्या. सहा वर्षांपूर्वी सुनेच्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशन, सलाइनमधून औषधं, मग किरणांचे शेक. तेव्हा याच सासूबाईंनी नऊ महिने स्वयंपाकघर सांभाळलं होतं. पण बाईमाणसाच्या वाट्याला आजारपणाचा ठरावीक कोटा येतो, अशी त्या घराची समजूत होती. बऱ्याच सभ्य घरांची असते. सुनेने आपला कोटा एकदाच, तोही भारीपैकी आजारावर, उडवून टाकला होता. आता उरलेलं आयुष्य तिने बरं असायचं होतं.

याला लेखी पुरावा होता. पाच वर्षं पुरी झाल्यावर हॉस्पिटलने दिलेला कागद सोनेरी फ्रेममध्ये घड्याळाशेजारी लटकत होता: 'रोगाची खूण आढळत नाही.' पाहुणे आले की नवरा त्यांना आधी तो कागद दाखवी, मग बायको.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. हा विनोद तो स्वतःच करी, त्यामुळे इतरांची पंचाईत होई.

"अहो," शिवणबाई जेवताना म्हणाल्या, "हृदयाची तपासणी राहिलीय. त्या औषधांनी, शेकांनी हृदय कमजोर होऊ शकतं, दरवर्षी बघा म्हणाले होते."

नवऱ्याने फ्रेमकडे पाहिलं. "कुठे लिहिलंय?"

"तुम्ही पट्टीखाली घेतलंत ते."

हे खरं होतं. फ्रेमवाल्याने विचारलं होतं, खालच्या दोन ओळी सोनेरी पट्टीखाली जातील, चालेल का? नवरा म्हणाला होता, उलट बरं. चांगल्या कागदावर 'परंतु' कशाला. शिवणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनाही तेव्हा ते सुबक वाटलं होतं.

"पुन्हा हॉस्पिटलात दिसलीस की लोक विचारणार, परत आला का म्हणून," नवरा म्हणाला. "एवढं सोसून बरी झालीस. आता उगाच उकरून काढू नकोस."

"तुम्ही लिफ्ट दरवर्षी तपासता. पडली नाही तरी तपासता."

"लिफ्टवर लोड येतो गं."

"हो का," शिवणबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला भात वाढला.

सासूबाई पुटपुटल्या, "हल्ली झोपायला तीन उशा लागतात राणीसरकारांना."

आठवड्याने राणीसरकारांना तीन उशाही पुरेनात. त्या बसूनच झोपू लागल्या. एका दुपारी त्यांनी नवऱ्याच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेतला, फ्रेम खाली काढली आणि कागद सोडवला.

"हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

"वाचते, ऐका. 'परंतु हृदयावर परिणाम संभवतो. दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी करावी. दम, सूज आल्यास तत्काळ यावे.'"

सासूबाईंनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी चपला घातल्या.

जिना उतरताना दुसऱ्या वळणावर सून थांबली, मीटर पाहू लागली.

"बंद आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "ती माणसं जागा सोडून गेली, वर्ष झालं." सुनेला बोलायला श्वास नव्हता. सासूबाईंनी तिचा दंड धरला, तो सुटू दिला नाही.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण खोटं बोलायला अजून शिकल्या नव्हत्या. "हृदयाचं काम एक तृतीयांशावर आलंय. आजच दाखल करून घेते. औषधं आहेत, पण गेलेलं सगळं परत येईल, असं नाही सांगत. वेळेवर आला असता तर गोष्ट वेगळी होती. घर कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या," शिवणबाई म्हणाल्या.

"लिफ्ट?"

सासूबाईंनी पिशवीतून फ्रेममधला तो कागद काढून पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरला. तळाच्या दोन ओळी कोऱ्या करकरीत होत्या, वरचा भाग उन्हाने पिवळा पडलेला. "सगळं तर लिहिलंय यात. इतके दिवस हा कागद होता कुठे?"

"भिंतीवर," सासूबाई म्हणाल्या. "काच रोज मीच पुसत होते."