रुखवतातलं तोरण

मी भोकरदनच्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. आता क्रोशाने लोकर विणतो. पहिली गोष्ट सांगताना मी कधी अडखळलो नाही. दुसरी सांगण्याआधी आजूबाजूला कोण आहे ते पाहायचो. आता पाहत नाही, म्हणूनच हे लिहायला बसलोय. नीट जमेल की नाही, माहीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट लावून ठेवलं, स्वतः लिहायची सवय नाही.

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. उजव्या हाताची बोटं आखडायला लागली होती. वाचताना दोन-दोन पानं एकदम उलटायची आणि पुढच्या ओळीचा अर्थ लागेना की मी स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायचो. डॉक्टर म्हणाले, "सर, डोकं बराबर आहे. बोटांना काम द्या. रोज तासभर घरबसल्या एखादी सोपी कला करा."

मी वहीत यादी केली. मातीची खेळणी: साखराबाई, म्हणजे माझी बायको, घरात माती आणू देणार नाही. कागदाची फुलं: कात्री धरवत नाही. पुस्तकबांधणी: येतेच, त्यात नवीन काय? भरतकाम: सुईत दोरा ओवायला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागेल. शेवटी क्रोशा उरला. टोकाला आकडा असलेली एक सुई, एक लोकरीचा गुंडा आणि शिकायचे टाके तीन-चारच. शिवाय चुकलं तर दोरा ओढला की सगळं मोकळं, कुणाला पत्ता लागत नाही. खरं सांगतो, मी त्या शेवटच्या कारणासाठीच तो निवडला.

बसस्टँडजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "काकूंना कोणता रंग पाहिजे, सर?" मी म्हणालो, "विचारून येतो," आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि नुसतं "पिवळा" म्हणालो. कुणाला पाहिजे ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शिकवायला फोनमधल्या एक बाई होत्या. माझी नात वर्षाराणी, तिनं ते लावून दिलं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, पूर्ण खांब. मुका खांब हे नाव ऐकून मला जरा धीर आला. हे आपल्याला जमेल असं वाटलं.

टीव्हीवर घालायला चौकोनी रुमाल करायचा होता. वीस टाक्यांनी सुरुवात केली. पंधरा-सोळा ओळी झाल्या तेव्हा पाहिलं तर रुमाल वरवर निमुळता होत चाललेला. आणखी चार ओळींत टोक आलं. पुन्हा केला, पुन्हा टोक. तीन दिवसांनी चूक सापडली. शाळेच्या नोंदवहीत पहिली ओळ शीर्षकाची असते, ती मोजायची नसते. माझ्या हाताला एकतीस वर्षांची तीच सवय. प्रत्येक ओळीचा पहिला टाका मी शीर्षक समजून सोडून देत होतो, आणि ओळीगणिक एकेक टाका गळत होता.

साखराबाईनं तो त्रिकोण दोन बोटांनी उचलून धरला. "हे काय? टीव्हीला लंगोट?"

मी तो हिसकावून घेतला, उशीखाली सारला. पण वर्षाराणीनं काढून खिडकीच्या गजाला लावून पाहिला. "आबा, हे तर पताकेसारखं दिसून राह्यलं. असेच आणखी करा. ओवून तोरण करू."

मग मी चूक जाणूनबुजून करायला लागलो. पिवळ्या, लाल, हिरव्या अशा अकरा पताका. प्रत्येकीच्या टोकाला मोती. बोटं दुखायची, पण पानं एकेक उलटायला लागली. सगळं काम मात्र आतल्या खोलीत, दार लोटून. बेल वाजली की गुंडा टोपीखाली.

वर्षाराणी औषधशास्त्र शिकलेली, इथल्याच एका मेडिकलमध्ये बसते. तिचं लग्न मंठ्याला ठरलं. मुलाचे वडील सोसायटीचे चेअरमन, घर मोठं, गोतावळा त्याहून मोठा. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात. मुलीच्या हातचं विणकाम, शिवणकाम, फराळ, आणि प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी. आता कोण करतंय घरी? माझा मुलगा ओमप्रकाश, त्याचं खताबियाणाचं दुकान आहे, त्यानं जालन्याहून तयार रुखवत सांगितलं. चिठ्ठ्याही तयार येतात. 'चि. सौ. कां. ______ हिने स्वहस्ते केलेले.' रिकाम्या जागी नाव घातलं की मुलगी कलावंत.

वर्षाराणी त्याला म्हणाली, "पप्पा, त्यात आबांचं तोरण ठेवायचं. चिठ्ठीवर आबांचंच नाव लिहायचं."

ओमप्रकाश हसला. मग ती हसत नाही हे पाहून माझ्याकडे वळला.

"आप्पा, तुम्ही कधीपासून करून राह्यले हे?"

"सहा महिने झाले."

"आणि मला आज कळून राह्यलं." तो खुर्चीत बसला. "तोरण ठेवा. चांगलं दिसंल. पण नाव वर्षाचं टाकू. मुलीच्या आज्यानं बाईमाणसासारखं विणलं म्हणल्यावर पाहुणे काय म्हणतील? अन् त्यात लोकर! आधीच लोक मागून मेंढरंवाले म्हणतात. वीस वर्षं घातली मी दुकानात, तवा कुठं शेटजी म्हणायला लागले."

"तुझा आजा मेंढरामागं चालता चालता चातीवर लोकर कातायचा," मी म्हणालो. "राजूरच्या बाजारात, चारचौघांत. हातात चाती गरगर फिरायची आन् तोंडानं बाजारभाव चालायचा. त्याला कुणी बाईमाणूस म्हणलं न्हाई."

"ते गेलं आप्पा सगळं. आता तसलं बोलायचंच कशाला?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्याचा चेहरा पाहिला, आणि त्याच्याही मनात कुणीतरी मागून बोललेलं रुतून बसलंय हे दिसलं. मी म्हणालो, "बरं. नाव नको." आणि आत गेलो.

साखराबाई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हेडमास्तरचं भाषण तुम्ही लिहायचं, टाळ्या त्याला. शाळेचा वार्षिक अंक तुम्ही काढायचा, फोटो दुसऱ्याचा. आता तोरण तुम्ही विणायचं आन् नाव पोरीचं. बराबर हाय. तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तवढंच काय ते लोकांनी ऐकलं."

"तू माझी चेष्टा करून राह्यली."

"न्हाई तं काय आरती करू?"

मी पाच मिनिटं पलंगावर बसलो. मला वाटत होतं की ओमप्रकाशचंच खरं आहे. म्हाताऱ्या माणसानं पोरीच्या लग्नात स्वतःचं घोडं पुढं दामटू नये. तोरण तरी असं काय मोठं आहे? मुळात ती चूकच. हे सगळं मला पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. आयुष्यात प्रत्येक वेळी मला असंच सगळं पटत आलंय. उठलो, बाहेर आलो.

"ओम, नाव राहील."

तो फोनवर मंडपवाल्याशी बोलत होता. त्यानं नुसती मान हलवली. मी ती हो समजलो. त्याच दुपारी जाड कागदाचा तुकडा कापून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विणणार: राधाकिसन लिंबाजी शेळके, वधूचे आजोबा.' हजारो पुस्तकांच्या पाठीवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यातली माझ्या नावाची ही पहिली.

लग्न राजूर रोडवरच्या मंगल कार्यालयात होतं. सकाळी अकराला मी रुखवत पाहायला गेलो. लांबलचक टेबलांवर साखरेचा बंगला, मोत्यांचा गणपती, विहीर, मोट, लाडवांचे डोंगर. मागच्या भिंतीवर मध्यभागी माझं तोरण. ते तिथं पाहून छाती भरून आली. मग खाली पाहिलं. छापील चिठ्ठी होती. 'चि. सौ. कां. वर्षाराणी हिने स्वहस्ते केलेले.'

माझी चिठ्ठी टेबलाखाली, पत्रावळींच्या गठ्ठ्यावर उलटी पडलेली.

मी इकडं-तिकडं पाहिलं. उचलावी की नाही, असा विचार करत उभा होतो, तेवढ्यात वराकडच्या बायका आल्या. त्यांच्या पुढं नवऱ्या मुलाची आत्या, सगुणाबाई. या बाईंचा आवाज कुलरच्या वर चढत होता. रुखवतात खोडी काढणं हा वराकडच्यांचा मानच असतो, आणि त्यांनी तो पुरता वसूल करायचं ठरवलं होतं.

"लाडू बारके हायेत गं! मंठ्याच्या तोंडाला पुरायचे न्हाईत." बायका हसल्या. "विहिरीला पाणीच न्हाई. आमच्या पोरानं काय कोरडी घागर वढायची?" पुन्हा हसू. मग त्या तोरणापाशी थांबल्या. हात लावून पाहिला, एक पताका उलटी करून मागची बाजू पाहिली. आवाज उतरला. "हे मात्र घरचं हाय. दुकानातलं न्हाई. गाठी बगा कशा लपवल्यात. सूनबाईचा हात चांगला हाय."

साखराबाई माझ्याकडं पाहत होती.

मी वाकलो. गुडघे कडकन वाजले. चिठ्ठी उचलली, झटकली आणि छापील चिठ्ठी काढून तिथं लावली. टाचणी दोनदा खाली पडली.

"सुनेचा न्हाई," मी म्हणालो. "माझा हात हाय."

सगुणाबाईंनी चष्मा वर करून चिठ्ठी वाचली. मोठ्यानं, शब्द तोडत. मग माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुम्ही इणलं? गडीमाणूस?"

"व्हय."

"मंग पोरीला काय येतं?"

नेमका हाच प्रश्न ओमप्रकाशला नको होता. तो दारातून लगबगीनं येताना मला दिसला. मला वाटलं, आता थांबावं. पण तोंड सुरू झालं होतं.

"पोरीला औषधं येतात. डॉक्टरचं अक्षर वाचता येतं, जे कुणालाच येत न्हाई. विणकाम येत न्हाई. येत न्हाई म्हणून तिचं काही कमी न्हाई, आन् मला येतं म्हणून माझंही काही कमी झालं न्हाई. हा साखरेचा बंगलाही तिनं केलेला न्हाई. ह्या रुखवतात तेवढं तोरणच घरचं हाय, ते मी केलंय."

एका बाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की दचकली होती, कळलं नाही. ओमप्रकाश माझ्या खांद्याशी येऊन हळू म्हणाला, "आप्पा, बस झालं. चला, तिकडं फोटो काढायचाय."

"थांबा हो शेटजी," सगुणाबाई म्हणाल्या. "आमच्यात नुसतं सांगून मानत न्हाईत. सासरी पोरीला म्हणतात करून दाखव. मंग ह्यांनी बी करून दाखवावं. आहे का सुई?"

सुई माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती. सहा महिने लपवून ठेवायची सवय. गुंडाही होता, लाल लोकरीचा, अर्धा उरलेला. मी ते बाहेर काढलं तेव्हा ओमप्रकाशनं डोळे मिटून घेतले.

प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि रुखवताच्या मधोमध बसलो. बायकांचा घोळका भोवती. पलीकडं पुरुष मंडळी थांबून बघायला लागली. चेअरमन साहेबही. माझ्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. पहिली साखळी दोनदा निसटली. "सुईच धरता येईना," मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. मी मान वर केली नाही. साखळी, साखळी, साखळी. मग मुके खांब. बोटांना रस्ता सापडला. दुसऱ्या ओळीला हसणं थांबलं. चौथ्या ओळीला सगुणाबाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि टाके मोजायला लागल्या.

"पहिला टाका सोडला तुम्ही."

"सोडायचाच असतो. माझा तसाच हाय."

"शिकवणारीनं असं शिकवलं?"

"न्हाई. माझं मीच चुकलो आन् तसंच ठेवलं."

त्या खो खो हसल्या. कुलर, सनई, सगळ्यांच्या वर.

"आप्पा," ओमप्रकाश पुन्हा म्हणाला. यावेळी त्याचा आवाज दुकानदाराचा नव्हता, लहानपणचा होता. "लोक बघून राह्यले."

"बघू दे. एवढी पताका होईपर्यंत मी उठत न्हाई. फोटोवाल्याला इकडं बोलव."

तो उभा राहिला. काही क्षण मला वाटलं, हा आता माझा दंड धरून उठवेल. त्यानं तसं केलं नाही. वळला, पुरुषांच्या घोळक्याकडं गेला. हसणाऱ्यांपैकी एकाला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तो माणूस मात्र जेवणाच्या पंगतीकडं निघून गेला.

सगुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तोरण आम्ही नेणार. आमच्या दाराला लावणार, वाड्यातल्या न्हाई, रस्त्यावरच्या दाराला. पण मला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावं लागंल. पाठ करते, नाव सांगा तुमचं. चिठ्ठी काय वाऱ्यानं उडून जाईल."

ओमप्रकाशनं मागून तोंड उघडलं होतं. त्याला कोणतं नाव घ्यायचं होतं कुणास ठाऊक. मी वाट पाहिली नाही.

"राधाकिसन लिंबाजी शेळके, भोकरदन," मी म्हणालो.

"ऐकू न्हाई आलं."

मी पुन्हा म्हणालो. आवाज मध्येच फाटला. तिसऱ्यांदा म्हणालो, तेव्हा सनईवाल्यानं वाजवणं थांबवून आमच्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि पुढची ओळ सुरू केली.