उजव्या कोपऱ्यातलं बोट

एक मायलेकींची जोडी माझ्या व्हिडिओ एडिटिंगच्या स्टुडिओत आली. लेकीने पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवला. "बाबांनी काढलेले व्हिडिओ आहेत. आईसाठी छान फिल्म करून द्या. पुढच्या आठवड्यात घर बंद करून तिला माझ्याकडे नेतेय."

"मी कशाला येऊ? हे घरी आहेत," शेजारच्या खुर्चीतून आई म्हणाल्या.

"आई, बाबा गेले." लेक हे रोजच सांगत असावी, इतक्या सवयीने म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "शेवटची क्लिप बाबांच्या नंतरची आहे. आईच्या वाढदिवसाला मीच कॅमेरा कपाटावर ठेवून चालू केला होता. त्यात ती मध्येच काहीतरी बोलते, तेवढा आवाज बंद करा. हल्ली तिला भास होतात."

व्हिडिओ उघडले आणि माझं डोकंच उठलं. हौशी माणसाच्या हाती कॅमेरा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! उघडावी त्या क्लिपमध्ये उजव्या कोपऱ्यात त्या गृहस्थांचं बोट. समुद्र असो, लेकीची शाळा असो, बोट आहेच. मग बायकोचा आवाज येतो, "अहो, बोट!" बोट सरकतं. पुढच्या क्लिपमध्ये पुन्हा हजर.

मी पहिल्या क्लिपची उजवी बाजू क्रॉप केली आणि कापलेली कड फेदर लावून मऊ केली. अशी कड मागे भरलेल्या धूसर रंगात विरून जाते, कापल्याचं कळत नाही. मग तोच क्रॉप सगळ्या क्लिपना एकदम चिकटवून टाकला. एकेक कोण बघत बसणार? मग चित्र न बघता नुसत्या आवाजावरून सगळी "अहो, बोट"ही उडवली. शेवटच्या क्लिपमध्ये लेकीने सांगितलेल्या जागी आवाज बंद केला. काय बोलल्यात ते ऐकायचे कष्टही घेतले नाहीत.

दोघी बघायला आल्या. "वा! बोट ठेवायला जागा नाही," लेक म्हणाली. आईंचा चेहरा मात्र उतरला.

"हे कुठं गेले?"

"अगं, बाबा कधी दिसायचेच नाहीत. तेच तर शूटिंग करायचे."

"दिसायचे की. कोपऱ्यात."

त्या माणसाचं तेवढंच तर उरलं होतं आणि मी ते साफ करून टाकलं होतं. मी सगळे क्रॉप काढले, सगळे आवाज परत आणले आणि फिल्म पहिल्यापासून लावली.

बोट परत आलं. "अहो, बोट!" ऐकू आलं की आई दर वेळी खुदकन हसायच्या. लेकही डोळे पुसत हसायला लागली.

शेवटची क्लिप आली. टेबलापाशी आई आणि लेक. समोर केक. घरात तिसरं कुणी नाही, कॅमेरा कपाटावर.

उजव्या कोपऱ्यात बोट होतं.

लेकीने माझा दंड घट्ट धरला. तिचा हात गार पडला होता. पडद्यावरच्या आईंनी मान वर केली, थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "अहो, बोट!"

बोट सरकलं.

"इतकी वर्षं सांगतेय, ऐकतात कुठं!" आई पर्स उचलून उभ्या राहिल्या. "चल गं, उशीर झाला. हे वाट बघत असतील."

लेकीने नेहमीसारखं तोंड उघडलं. मग मिटलं.

"हो आई," ती म्हणाली. "चल, घरी जाऊ."