एक वर्ष आधी संपलेलं युद्ध

मित्रांनो, मी ब्राँझचं एक जुनं युद्धपदक आहे. पराक्रमाचं नव्हे, आठवणीचं. पराक्रमाची पदकं मोजक्यांनाच मिळतात. आम्ही मात्र जे जे युद्धात होते त्या सगळ्यांसाठी होतो. आमच्यावर कुणाचं नाव कोरलेलं नाही. एवढी नावं कोरत बसले असते, तर तोवर आणखी एक युद्ध होऊन गेलं असतं.

माझ्या एका अंगावर तलवार आणि पानांची वेल आहे. दुसऱ्या अंगावर दोन सालं आहेत: युद्ध सुरू झाल्याचं आणि संपल्याचं. पहिलं बरोबर आहे. दुसरं चुकलेलं आहे.

झालं असं, की युद्ध चालू असतानाच सरकारला विजयसोहळ्याची घाई झाली. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून पदकं आधीच पाडून ठेवायचं ठरलं. सेनापती म्हणाले, यंदा संपतंय. टांकसाळीतल्या कारागिरानं ठशावर यंदाचं साल कोरलं, आम्ही खणखणत बाहेर पडलो, आम्हाला लाल-निळ्या फिती लागल्या. तयारी चोख होती. फक्त शत्रूला कुणी कळवलं नव्हतं. युद्ध आणखी वर्षभर चाललं.

मग आम्हाला वितळवून नव्यानं पाडायचा हुकूम निघाला. पण एक पेटी तोवर लष्करी रुग्णालयात पोचून वाटली गेली होती, आणि मी त्या पेटीत होतो. तिथे पलटणीचा एक शिंपी गुडघा मोडून पडला होता. त्यानं गोळी एकही झाडली नव्हती, पण अर्ध्या पलटणीची बटणं त्याच्या हातची होती. घरी सोडताना मला त्याच्या कोटावर लावलं आणि खाटांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वाट्याच्या टाळ्या तेवढ्याच.

शिंप्याचा धाकटा भाऊ मात्र अजून लढाईवरच होता. पुढच्या साली तो मारला गेल्याची तार आली. चुकीची पदकं परत करा, असं सरकारनं त्याच दिवसांत जाहीर केलं. त्या घरात तेव्हा कुणी पेपर उघडत नव्हतं. धाकट्याच्या नावचं पदक कुठल्याशा कचेरीत राहून गेलं, ते काही आलं नाही. एके दिवशी शिंप्यानं मला हातात घेतलं, दुसरं साल वाचलं आणि मला पालथं घातलं.

तसाच मी त्याच्या दुकानात राहिलो. कापड बेतताना सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर कात्री ठेवत, एका कोपऱ्यावर मला. याला कुणी उपेक्षा म्हणेल. मी म्हणणार नाही. बहुतेक पदकं पेटीत पडून राहतात. मी कामावर होतो. किती विजारी, किती लग्नाचे कोट माझ्या अंगाखालून गेले. मी काळा पडलो. सगळे शिंप्याला मास्तर म्हणू लागले, मास्तरांचे केस पांढरे झाले, आणि भिंतीवरच्या फोटोतला धाकटा तेवढाच राहिला.

मग एकदा दातांचे डॉक्टर विजार ढिली करून घ्यायला आले. त्यांना जुनी पदकं जमवायचा नाद होता. त्यांनी मला सहज उलटं केलं आणि किडलेली दाढ पाहावी तसं खिडकीशी नेऊन पाहिलं.

"मास्तर, याचं साल चुकलंय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मास्तर खडू न थांबवता म्हणाले. "धाकटा त्याच्या पुढच्या साली गेला. याच्या हिशेबानं शांततेत गेला."

समोरच्याला बोलता येत नाही याची दातांच्या डॉक्टरांना सवय असते. आपल्यालाच बोलता येत नाही, ही पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी.

"माझ्याकडे नंतरचं आहे," ते म्हणाले. "बरोबर सालाचं. अदलाबदल करता? पण आधीच सांगतो, तोटा तुमचा आहे. हे फार दुर्मिळ. ती ढिगानं मिळतात."

काजं करता करता मास्तरांच्या बायकोनं मान वर केली. "दुर्मिळ म्हणजे चुकलेलंच ना? मग न्या की. अहो, विचार कसला करताय? भावजींना बरोबरचं मिळतंय."

मास्तर विचार करतच होते. "काचेत ठेवाल?"

"ठेवीन की."

"खाली चिठ्ठी?"

"लावतो ना. 'ठशातील चूक. दुर्मिळ.'"

"मग चूक कोणती तेही लिहा. पुढच्या सालीही माणसं मेली, त्यात एका शिंप्याचा धाकटा भाऊ होता."

"मास्तर, चिठ्ठी एवढीशी असते हो."

"तुमच्या विजारीत दोन बोटं जागा काढली मी," मास्तर म्हणाले. "तुम्ही चिठ्ठीत काढा."

डॉक्टरांनी काढली. विजार न्यायला आले तेव्हा दुसरं पदक घेऊनच आले. अगदी सामान्य होतं बिचारं, जागोजागी पोचे आलेलं. मास्तरांनी त्याच्या फितीला सुबक टाका घातला आणि ते फोटोखाली टांगलं, साल पुढे करून. दोघं नवराबायको बराच वेळ बघत उभी राहिली. मग ती म्हणाली, "शोभतंय. जरासं डावीकडे घ्या." मी निघालो तेव्हा मास्तर शीळ घालत होते. एवढ्या वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

आता मी डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत काचेमागे असतो. आपला नंबर येऊ नये अशी मनोमन इच्छा असलेली तुमच्यासारखी मंडळी माझ्यासमोर बसतात आणि वेळ काढायला चिठ्ठी शेवटपर्यंत वाचतात. याहून चांगले वाचक कुणाला मिळाले असतील असं वाटत नाही.

तेव्हा मित्रांनो, एकच विनंती. कुठे जुनं पदक सापडलं तर त्याला घासून चकचकीत करू नका, आमचा काळेपणा आम्हाला आवडतो. आमची फारशी काळजीही करू नका, ब्राँझला काही होत नाही. पण माझ्याखालची चिठ्ठी पिवळी पडून अक्षरं पुसट दिसू लागली, तर तेवढं डॉक्टरांना सांगा, आणि नवी लिहिताना शिंप्याच्या भावाची ओळ गाळू देऊ नका.